कुणीही न मोजलेला आकडा

चिमटाताई कामात संथ आहे, असं समितीचं मत झालं होतं. तिला ते कळलं मोठ्या बाबूंकडून, आणि तेही जिन्यात, तिच्या दोन्ही हातांत काचेच्या डब्या असताना.

"मी सांगितलं असं कुठे बोलू नका," मोठे बाबू म्हणाले. संस्थेच्या कार्यालयाचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता, आणि पोटात काही ठेवणं त्यांना जमत नसे. "नोकरीच्या मुदतवाढीच्या कागदावर तुमच्या नावापुढे 'संथ' लिहिलंय. सोमवारी फळ्यापुढे उभं राहायचंय, तेवढं सांभाळा."

"संथ?"

"आता शब्द त्यांचा. मी नुसता टाइप केला."

डब्या हातात नसत्या तर तिने कठडा घट्ट धरला असता. डब्यांमध्ये धातूची फॉइलं होती, केसापेक्षा कितीतरी पातळ. श्वास जोरात सोडला तरी चुरगळतील अशी. ती गोल कड्यावर डफाच्या कातड्यासारखी ताणून बसवायची, एकही सुरकुती न पडू देता, हे काम तिच्याइतकं कुणाला जमत नव्हतं आणि ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हती. कोटाच्या खिशात कायम चिमटा. म्हणून प्रयोगशाळेत लहानथोर सगळे तिला चिमटाताईच म्हणत. एक फॉइल बसवायला तिला अख्खी सकाळ लागे, हे खरं. पण त्याला संथ म्हणायचं असेल तर सुईत दोरा ओवणाऱ्यालाही संथ म्हणा.

आणि समिती फॉइलांबद्दल बोलतच नव्हती. समितीचं म्हणणं होतं, गेल्या वर्षात हिचा एकही पेपर छापून आला नाही.

का आला नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पेपर लिहून तयार होता. मागच्या उन्हाळ्यातच झाला होता. सरांच्या सहीशिवाय तो छापायला जात नसे, आणि तेव्हापासून तो त्यांच्या ड्रॉवरमध्ये पडून होता.

सर म्हणजे विभागाचे प्रमुख. उंच, ताठ, कडक इस्त्रीचे. पाठीमागे सगळे त्यांना हेडमास्तर म्हणत. तिला हे शास्त्र त्यांनीच शिकवलं होतं, हात धरून शिकवलं होतं, आणि म्हणूनच ड्रॉवरबद्दल ती वर्षभर गप्प बसली होती. डब्या कपाटात ठेवून ती सरळ त्यांच्या खोलीत गेली.

"बस," सर म्हणाले.

ती बसली नाही. "सर, मी संथ आहे असं समितीला कुणी सांगितलं?"

"समितीला सांगावं लागत नाही. ते पेपर मोजतात. तुझा एकही नाही."

"माझा पेपर तुमच्या ड्रॉवरमध्ये आहे."

"आहे ना. विचार चालू आहे."

"वर्षभर?"

"विचाराला घड्याळ लावायचं नसतं." सरांनी चष्मा काढून पुसला. मग ड्रॉवर उघडून पेपर वर काढला आणि तिच्याकडे सरकवला. "हे बघ, भांडण कशाला वाढवायचं. या अणुकेंद्राच्या उत्तेजित अवस्थेचं आयुष्य मी मोजलं होतं, ते आलं नऊ पिकोसेकंद. तू मोजलंस, तुझं आलं पाच. तू सात लिही."

तिला आधी वाटलं, सर थट्टा करताहेत.

"सात कुणी मोजले?"

"मोजायला कशाला हवेत? दोन मोजमापांची सरासरी. शाळेतलं गणित आहे."

"सर, नऊ आणि पाच दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. तुमच्या नऊमध्ये वरच्या अवस्थेचा उशीर मिसळलाय. मी पेपरात दाखवलंय ते."

"माझ्या नऊवर लोकांनी घरं बांधलीत," सर शांतपणे म्हणाले. "पुस्तकांत छापलेला आकडा आहे तो. मुलं परीक्षेत लिहितात. तू आज उठून म्हणणार, पाया नाही?"

"नसला तर घरात राहणाऱ्यांना सांगायला नको?"

"भाषणं छान करतेस. फॉइलं ताणतेस तशीच." सरांनी पेनाचं टोपण काढलं. "सात लिही. आजच्या आज सही करतो. सोमवारी समितीला सांगता येईल, पेपर रवाना झाला. मी स्वतः तुझ्या बाजूने बोलेन. नाहीतर मग काय, संथ तर संथ."

ती पेपर तिथेच टेबलावर ठेवून बाहेर आली. अंगाचा तिळपापड झाला होता. ज्याने अडवून ठेवलं त्यानेच उशिराचा ठपका ठेवायचा, आणि तो पुसायची किंमत म्हणून खोटं लिहून मागायचं. मुदतवाढ नाही मिळाली तर महिनाअखेरीला प्रयोगशाळेची किल्ली परत करावी लागणार होती. मिळाली तर जगभरच्या पुस्तकांत तिच्या नावावर एक सात बसणार होता, जो कुणीही कधी मोजला नव्हता.

ती राहायची दादा-वहिनींकडे. संध्याकाळी दादा स्वयंपाकघरातला गळका नळ खोलून बसला होता. वहिनी भांडी विसळायला खोळंबली होती, आणि त्यांची मुलगी भिंगरी टेबलाशी गृहपाठ करत होती. ती एका जागी बसायची ती फक्त गृहपाठापुरती, तेही पाय हलवत. चिमटाताईने सगळं सांगितलं. सांगताना आवाज चढत गेला.

"सात तर सात," दादा नळात डोकं घालून म्हणाला. "पाचही नाही, नऊही नाही. दोघांचंही नाक शाबूत. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला करतेस?"

"बरं झालं सांगितलंत," वहिनी म्हणाली. "तुमच्या पायाला नऊ नंबरचा बूट लागतो, माझ्या पायाला पाचचा. उद्या दोघांना सात नंबर आणते. तुम्ही पाय दुमडून चाला, मी बूट हातात धरून चालते."

दादा नळातच हसला. चिमटाताईला मात्र हसू आलं नाही.

"आत्या," भिंगरीने पेन्सिल तोंडातून काढली, "पिकोसेकंद म्हणजे केवढा?"

"एका सेकंदाचे दहा लाख तुकडे कर. मग त्यातल्या एका तुकड्याचे पुन्हा दहा लाख. त्यातला एक."

"एवढ्याशा वेळाचं घड्याळ असतं?"

"नसतं. म्हणून मी घड्याळाने मोजतच नाही. अंतराने मोजते." चिमटाताई खुर्ची ओढून तिच्याजवळ बसली. समजावून सांगायला लागली की तिचा राग नेहमी जरा खाली बसे. "समज, एक मुलगा पळत सुटलाय. पळता पळता त्याला एकदाच शिट्टी वाजवायची आहे. कधी, ते त्याच्या मर्जीवर. समोरून रुग्णवाहिका येते तेव्हा तिचा भोंगा कसा वाटतो?"

"टोकदार. आणि पुढे गेली की जाडा होतो."

"तसंच. तुझ्याकडे पळत येताना मुलाने शिट्टी वाजवली तर ती टोकदार ऐकू येईल. आता मी त्याच्या वाटेत एक भिंत उभी केली. भिंतीला अडून थांबल्यावर वाजवली, तर साधी ऐकू येईल. भिंत अगदी जवळ ठेवली तर काय होईल?"

"वाजवायच्या आधीच धडकेल. सगळ्या शिट्ट्या साध्या."

"आणि लांब ठेवली तर बहुतेक टोकदार. अशी मी भिंत थोडीथोडी मागे सरकवत जाते आणि दर वेळी मोजते, साध्या किती, टोकदार किती. मुलं किती जोरात पळतात ते मला ठाऊक असतं. मग ती शिट्टी वाजवायच्या आधी किती वेळ थांबतात, ते निघतं. मुलं म्हणजे अणुकेंद्रं. शिट्टी म्हणजे गॅमा किरण. मुलं निघतात ते माझं एक फॉइल, आणि भिंत म्हणजे दुसरं."

भिंगरीचे पाय हलायचे थांबले होते. "पण ती किती वेळ थांबतात हे कळून काय करायचं?"

"त्यावरून आकार कळतो. अणुकेंद्र कुणाला दिसत नाही ना. पण हे बघ, वाटाणा जागच्या जागी गोल फिरला तर तुला कळेल का, फिरतोय की नाही?"

"नाही."

"आणि शेंग फिरली तर लगेच कळतं, टोकं इकडून तिकडे जातात. जे अणुकेंद्र शेंगेसारखं लांबट असतं, ते आपल्यातली जादा शक्ती चटकन बाहेर टाकतं. शिट्टी लवकर. वाटाण्यासारखं असेल तर रेंगाळतं. माझ्या पाचचा अर्थ, हे अणुकेंद्र चांगलं लांबट आहे. सरांच्या नऊचा अर्थ, त्यापेक्षा बरंच गोल. त्यावर लोकांनी मोठमोठी गणितं मांडलीत."

"मग सर चुकले कसे? भिंत वाकडी ठेवली?"

"नाही गं. भिंत सरळच होती." चिमटाताईने बोट वर केलं. "तुमच्या शाळेत माडीवर वर्ग आहे ना?"

"सातवीचा. त्यांच्या बाई घंटा झाल्यावरही गृहपाठ सांगत बसतात. कधीच वेळेवर सोडत नाहीत."

"आता समज, फाटकातल्या शिपाईकाकांना शोधून काढायचंय की मुलं खालच्या व्हरांड्यात किती वेळ रेंगाळतात. ते घंटेपासून मोजतात आणि फाटकातून बाहेर पडणारं प्रत्येक मूल टिपतात. माडीवरची मुलंही व्हरांड्यातूनच येणार. मग काकांचा हिशेब काय सांगेल?"

"की व्हरांड्यात सगळे खूप वेळ थांबतात." भिंगरीच्या कपाळाला आठी पडली. "पण ते थांबत नाहीत. ते तर पळतच येतात. उशीर माडीवरच्या बाईंचा असतो."

"तेच झालं. अणुकेंद्राच्या वरच्या पायरीवर एक सुस्त अवस्था आहे. तिचा उशीर खालच्या अवस्थेच्या नावावर चढला. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीपाशी दुसरा डिटेक्टर उभा केला. मूल तिथून खाली उतरलेलं दिसलं, की त्याचा वेळ तिथून मोजायला सुरुवात."

"सरांनी का नाही केला उभा?"

"त्या काळी त्यांच्याकडे दुसरा डिटेक्टर नव्हता. ती काही त्यांची चूक नाही. आज कळूनही मान्य करत नाहीत, ही चूक."

भिंगरीला अजून चैन पडत नव्हतं. "पण हे काय, आत्या. सोडायला उशीर बाईंनी करायचा आणि रेंगाळतात म्हणून नाव मुलांचं. शिक्षा पण त्यांनाच."

चिमटाताई खुर्चीतून ताडकन उठून उभी राहिली.

इतके महिने ती ही गोष्ट अणुकेंद्राबद्दल सगळ्यांना पटवत फिरली होती. वरचा उशीर खालच्याच्या नावावर धरू नका, हे तिने पेपरात मांडलं होतं, कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. आणि तिच्या स्वतःच्या बाबतीत हेच चाललं होतं, तर दोन्ही गोष्टी एकच आहेत हे तिला दिसलं नव्हतं. पेपर तिच्या हातून सुटला मागच्या उन्हाळ्यात. पुढचा सगळा उशीर वरचा. आणि कागदावर 'संथ' लिहिलं होतं ते तिच्या नावापुढे. सकाळपासून ती मनातल्या मनात स्वतःला विचारत होती, मी खरंच आणखी घाई करायला हवी होती का. त्या विचाराचीच तिला आता चीड आली.

"काय गं, बरी आहेस ना?" वहिनीने विचारलं.

"बरी आहे," ती म्हणाली. "आत्ताच बरी झाले."

त्या संस्थेत एक जुनी रीत होती. ज्याची मुदत वाढवायची, त्याने समितीपुढे फळ्याशी उभं राहायचं आणि आपला एक आकडा खडूने काढून दाखवायचा. पडद्यावर चित्रं दाखवायची नाहीत, छापील कागद वाटायचे नाहीत. रीत सरांनीच तरुणपणी पाडली होती. ज्याचा आकडा, त्याचा खडू, असं ते म्हणत, आणि ते वाक्य सगळ्या संस्थेच्या तोंडी होतं.

सोमवारी समितीत तिघं होती. मधोमध संचालक, त्यांच्या उजवीकडे सर, आणि डावीकडे दुसऱ्या विद्यापीठातून बोलावलेल्या एक वयस्क प्राध्यापिका, ज्यांना सगळे नुसतं बाई म्हणत होते. मागे भिंतीला टेकून विभागातली मंडळी उभी होती.

चिमटाताईने फळ्यावर दोन रेषा काढल्या, एक आडवी, एक उभी. आडवीवर फॉइलांमधलं अंतर, उभीवर साध्या शिट्ट्यांचं प्रमाण. तिथे अर्थात शिट्ट्या म्हणायचं नव्हतं, पण तिच्या मनात तोच शब्द होता. मग तिने फुल्या मारून आपले ठिपके मांडले आणि त्यांतून उताराची रेघ ओढली. भरभर खाली जाणारी. पाच. मग गोल काढून सरांचे जुने ठिपके मांडले, सगळे पाठ होते तिला, आणि त्यांतून दुसरी रेघ ओढली. ती सावकाश उतरत होती. नऊ.

मग तिने दोन्हींच्या मधून तिसरी रेघ काढली आणि टोकाला सात लिहिलं.

सरांचा चेहरा सैल झाला. ते खुर्चीत मागे रेलले.

चिमटाताई फळ्यापासून बाजूला झाली. तिन्ही रेघा डावीकडे एकाच जागेवरून निघत होत्या आणि पुढे फाकत होत्या. पहिली फुल्यांना धरून गेली होती. दुसरी गोलांना धरून. तिसरी मोकळ्या जागेतून गेली होती. सुरुवातीचा तो एक बिंदू सोडला तर वाटेत तिला कुणी भेटलंच नव्हतं.

"ही मधली कुणाची?" बाईंनी विचारलं.

"माझी नाही." ती टेबलाशी गेली आणि तिने खडू सरांपुढे धरला. "ज्याचा आकडा, त्याचा खडू. सर, या."

सरांनी खडूकडे पाहिलं. हात पुढे केला नाही.

"हे काय चाललंय?" संचालक म्हणाले. "तुम्ही तुमचा आकडा काढा."

"काढलाय, पाच. सात लिहिलं तरच पेपरावर सही मिळेल, असं मला सांगितलं गेलं. म्हणून सातही काढून दाखवला. पण त्याच्या रेघेवर ठिपका कसा मांडायचा ते मला येत नाही. ज्यांना येतं त्यांनी मांडावा."

"सरासरी आहे ती," सर म्हणाले. आवाज नेहमीसारखाच ताठ होता. "दोन प्रामाणिक मोजमापांची."

"कशाची सरासरी?" बाई पुढे झुकल्या. "एकमेकांच्या जवळपास असती तर मीही काढली असती. इथे एक तर चुकलंय किंवा दुसरं. पोरी, नऊ का आले ते सांग."

चिमटाताईने सांगितलं. वरची सुस्त अवस्था, तिच्यातून खाली येणारी अणुकेंद्रं, दुसरा डिटेक्टर. बाईंनी दोन प्रश्न विचारले, बारीक प्रश्न होते, आणि उत्तरं मिळाल्यावर त्या मागे टेकल्या.

"आणि हे इतके दिवस छापलं का नाही?"

"तुम्ही माझ्या नावापुढे संथ लिहिलंय," चिमटाताई म्हणाली. मागे भिंतीपाशी मोठे बाबू खोकले. "पेपर मागच्या उन्हाळ्यात माझ्या हातून सुटला. तिथून पुढचा उशीर वरचा आहे. सरांनी अणुकेंद्राच्या नावावर जे धरलं, तेच समितीने माझ्या नावावर धरलं. मी किती वेळ घेतला ते मोजायचं असेल तर काम माझ्याकडे आलं तिथून मोजा आणि माझ्याकडून गेलं तिथे थांबा."

"समितीशी बोलताना भाषा जरा," संचालकांनी सुरुवात केली.

"भाषेत काही वावगं असेल तर सांगा. राग आहे, तो मी लपवत नाही."

संचालकांना वावगं असं काही सापडलं नाही. त्यांनी सरांकडे पाहिलं. सर फळ्याकडे पाहत होते, मधल्या रेघेकडे नाही, आपल्या जुन्या गोलांकडे. ते त्यांनी स्वतःच्या हाताने मोजले होते आणि एकही खोटा नव्हता. खोटा होता तो त्यांचा अर्थ. संचालकांनी बैठक आवरली.

निकाल दुसऱ्या दिवशी मोठ्या बाबूंनीच सांगितला, पुन्हा जिन्यात. दोन वर्षं मागितली होती, एक दिलं. 'संथ' हा शब्द काही खोडला नव्हता. त्याच्यापुढे 'परंतु चिकाटीची' असं जोडलं होतं.

"घ्या, गोड झालं," मोठे बाबू म्हणाले.

"गोड कसलं? जे खोटं होतं ते तसंच ठेवून वर साखर पेरली. खोडायला काय झालं होतं?"

"आता खोडाखोड केली की कागद वाईट दिसतो."

ती सरांच्या खोलीत गेली. पेपर ड्रॉवरमध्ये नव्हता, टेबलावर त्यांच्यापुढे होता, आणि ते तो वाचत होते. यावेळी त्यांनी बस म्हटलं नाही. ती उभी राहिली.

"पाचच ठेवलेत," सर म्हणाले.

"पाचच."

"हे वाक्य बदल. 'पूर्वीचं मोजमाप चुकीचं होतं.' वेगळं होतं, असं लिही."

"वेगळं नाही, सर. चुकीचं. कारण पुढच्याच ओळीत दिलंय."

सरांनी पुढची ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. "त्या वेळी दुसरा डिटेक्टर उपलब्ध नव्हता, हेही लिहिलंयस."

"ते खरं आहे म्हणून लिहिलं. तुमच्यावर मेहरबानी म्हणून नाही."

सरांनी पेन उचललं. टोपण काढायला त्यांना जरा वेळ लागला. सही नेहमीसारखी ठसठशीत आली.

"मी शिकवलं तुला," ते म्हणाले. "हा राग नव्हता शिकवला."

"आकडा मोजल्याशिवाय लिहायचा नाही, हे शिकवलं होतंत. राग त्याच्याबरोबरच आला."

तिने पेपर उचलला. सही झाली की आभार मानायचे, ही इतक्या वर्षांची सवय, आणि शब्द जिभेच्या टोकाशी आलेही होते. तिने ते मानले नाहीत. पेपर धाडायला ती खाली गेली.